शाळेंतील चित्रकला : परीक्षा आणि संग्रह

चित्रकलेचा तास म्हटला कीं पुष्कळ लोकांच्या डोळ्यांपुढें विसाव्याचा तास उभा राहतो. गणिताचा अभ्यास मागें पडला कीं पहिली कात्री याच तासाला लागते, आणि शाळेची तपासणी जवळ आली कीं भिंती रंगविण्यासाठीं पहिली आठवण ड्रॉइंग मास्तरचीच होते. यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून पस्तीसांहून अधिक वर्षें मीं हाच तास घेतला. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका, एवढीच शिदोरी. तेव्हां विद्वत्तेचा अधिकार मी सांगत नाहीं. ज्या विषयांत आयुष्य गेलें त्याचा थोडा इतिहास आपणांपुढें मांडावा, आणि त्या इतिहासाच्या उजेडांत माझ्या हातून घडलेल्या एका चुकीकडे पाहावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

हायस्कुलाच्या वरच्या वर्गांतील एखाद्या मुलाचा हात चांगला आहे आणि त्याला पुढें चित्रकलेच्या शिक्षणाकडे जावयाचें आहे, असें समजा. त्याची योग्यता कशी ओळखावी? याच्या दोन रीती जगांत आहेत. पहिली रीत परीक्षेची. ठराविक दिवशीं, ठराविक वेळांत, समोर ठेवलेल्या वस्तूंचें चित्र काढून द्यावयाचें. दुसरी रीत संग्रहाची. वर्ष-दोन वर्षें त्या मुलानें जें जें काढलें, त्यांतील निवडक काम एका फायलींत घालून जाणत्या माणसापुढें ठेवावयाचें. यालाच आतां सर्वत्र पोर्टफोलिओ म्हणतात. आपल्याकडे पहिली रीत खोल रुजली. दुसरी फार उशिरां आली, आणि खेड्यांतील पुष्कळ शाळांत ती अजूनहि पोंचलेली नाहीं. असें कां झालें हें समजण्यास दीडशें वर्षांहून अधिक मागें जावें लागतें.

इंग्लंडांत 1837 सालीं सरकारी खर्चानें नक्षीकामाची शाळा निघाली. यंत्रावर कापड पुष्कळ निघत होतें, परंतु नक्षीच्या बाबतींत फ्रान्सचा माल सरस ठरे, ही तेथील व्यापाऱ्यांची चिंता होती. पुढें 1851 सालीं लंडनला मोठें प्रदर्शन भरलें. त्यांत हिंदुस्थानच्या विणकरांचें आणि धातुकाम करणाऱ्यांचें काम पाहून तेथील जाणत्यांनीं तोंडांत बोटें घातलीं. त्यानंतर हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह या दोघांनीं साऱ्या देशासाठीं चित्रकलेचा एक क्रम आंखला. त्याला तेवीस पायऱ्या होत्या. आरंभीं सरळ रेषा आणि छापील नक्षीची नक्कल. मग प्लास्टरचे नमुने. मग छायाप्रकाश, मानवी आकृति आणि रंग. आणि अगदीं शेवटीं स्वतःची रचना. साउथ केन्सिंग्टन येथें या व्यवस्थेचें मुख्य ठाणें असल्यामुळें ती त्याच नांवानें ओळखली गेली. या क्रमाचा हेतु चित्रकार घडविण्याचा नव्हता. कारखान्याला उपयोगी पडणारा नेमका हात घडविण्याचा होता. म्हणून नक्कल आधीं आणि कल्पना शेवटीं.

आपल्या वऱ्हाडाचा या गोष्टीशीं वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे. 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस इंग्लंडांत येईनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतील कापसाला कधीं नव्हता तो भाव आला. आपला कापूस गांठींनीं समुद्रापार जाई आणि त्याचें नक्षीदार कापड होऊन बाजारांत येई. ती नक्षी काढणारे हात ज्या शिक्षणांतून तयार होत, तेंच शिक्षण थोड्या वर्षांत आपल्या मुलांच्या पाटीवर येऊन बसणार होतें.

मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई यांनीं चित्रशाळेसाठीं एक लक्ष रुपयांची देणगी देऊं केली, आणि 1857 सालीं एल्फिन्स्टन संस्थेच्या इमारतींत तिचे वर्ग सुरू झाले. 1865 सालीं लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक विलायतेहून आले. किपलिंग यांच्याकडे शिल्पाचें काम, ग्रिफिथ्स यांच्याकडे रंगकामाचें. दोघेहि साउथ केन्सिंग्टनच्या तालमींत वाढलेले. परंतु या देशांतील कारागिरीविषयीं त्यांच्या मनांत आदर होता. 1893 सालीं या शाळेंत चित्रकला-शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. मला ही तारीख राजांच्या जन्ममृत्यूच्या तारखांहून महत्त्वाची वाटते. कारण महाराष्ट्रांतील आम्ही सारे ड्रॉइंग मास्तर त्या वर्गाचे वारसदार आहों. शाळाशाळांतून मुलांच्या पायरीपायरीनें घेतल्या जाणाऱ्या सरकारी चित्रकला परीक्षा, ज्यांना आपण ग्रेड परीक्षा म्हणतों, त्यांचें मूळहि याच परंपरेंत आहे.

ग्रिफिथ्स यांच्या हातून झालेलें सर्वांत मोठें काम मात्र परीक्षेचें नव्हे. 1872 पासून 1885 पर्यंत ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात राहिले आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करीत राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीं एक. पुढें ते नामांकित चित्रकार झाले. लेण्याच्या आंत अंधार, भिंतीवर वटवाघळांची घाण, बाहेर ऊन, आणि हातांत ब्रश. अशा स्थितींत सुमारें तीनशें चित्रें तयार झालीं. शाळेंतील मुलांनीं मिळून केलेला एवढा मोठा चित्रसंग्रह आपल्या देशांत दुसरा असेल असें मला वाटत नाहीं.

त्या संग्रहाचें पुढें काय झालें? तो लंडनला गेला. 1885 सालीं साउथ केन्सिंग्टन येथें आग लागली आणि शंभरांहून अधिक चित्रें जळून गेलीं. उरलेल्यांपैकीं 166 चित्रें लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहेत. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ 1896-97 मध्यें प्रसिद्ध झाला, म्हणून निदान छापील रूपानें तें काम जगापुढें राहिलें. त्यांच्या आधीं रॉबर्ट गिल नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें 1844 पासून वर्षानुवर्षें तेंच काम केलें होतें. त्याच्याहि बहुतेक प्रतिकृति लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें 1866 सालच्या आगींत नष्ट झाल्या. एका माणसाच्या उमेदीचीं वर्षें एका रात्रींत राख झालीं! ज्यांनीं हीं चित्रें काढलीं त्यांच्याजवळ तीं राहिलीं नाहींत, आणि जेथें तीं गेलीं तेथें तीं वांचलीं नाहींत. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबईंत सरकारी शाळेच्या जोडीला खाजगी वर्ग निघूं लागले. सावंतवाडीहून आलेले सांवळाराम लक्ष्मण हळदणकर यांनीं 1908 सालीं आपला वर्ग काढला. पुढें 1929 सालीं दंडवतीमठ यांचें नूतन कलामंदिर निघालें. खेड्यापाड्यांतून मुंबईस आलेल्या, पैशानें दुबळ्या, परंतु हातानें तयार अशा मुलांना या वर्गांचा आधार मिळाला. मात्र ही सोय मुंबईकडची. आपला जिल्हा त्या वेळीं मुंबईच्या राज्यांतच नव्हता. वऱ्हाड 1903 सालीं मध्यप्रांताला जोडलें गेलें, आणि 1905 सालीं वणी जिल्ह्याचें नांव यवतमाळ झालें. आपली राजधानी नागपूर. चित्रकला शिकूं इच्छिणाऱ्या आपल्याकडील मुलाची वाट म्हणजे प्रथम नागपूर आणि मग, साधलें तर, मुंबई.

त्या वाटेनें गेलेल्या दोघांचीं नांवें सांगतों. सय्यद हैदर रझा हे मंडला जिल्ह्यांतील बाबरिया या जंगलांतल्या गांवीं 1922 सालीं जन्मले. लहानपणीं ते अतिशय चंचल होते. त्यांच्या गांवच्या शाळेच्या हेडमास्तरांनीं एके दिवशीं भिंतीवर एक ठिपका काढला आणि याकडे पाहत बैस असें सांगितलें. ही आठवण रझा स्वतः म्हातारपणापर्यंत सांगत असत. 1939 ते 1943 ते नागपूरच्या कलाशाळेंत होते, पुढें मुंबईच्या जे. जे. मध्यें गेले, आणि 1950 सालीं पॅरिसला गेले. तोच ठिपका पुढें त्यांच्या चित्रांत बिंदु होऊन आला आणि जगभर गाजला. दुसरें नांव बी. प्रभा यांचें. नागपूरजवळच्या बेला या गांवीं 1933 सालीं त्यांचा जन्म झाला. त्याहि नागपूरच्या शाळेंतून मुंबईस गेल्या. डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळिणी आणि कष्टकरी बायका त्यांनीं आयुष्यभर रंगविल्या. जंगलांतला मुलगा आणि खेड्यांतली मुलगी या दोघांना जे दार उघडलें, तें शाळेच्या रस्त्यानें उघडलें, हें विसरतां येत नाहीं.

1956 सालीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, 1960 सालीं महाराष्ट्र झाला, आणि 1965 सालीं राज्याचें कलासंचालनालय निघालें. मी शाळेंत असतांना ग्रेड परीक्षा त्याच संचालनालयाच्या होत्या, आणि आजहि आहेत. एलिमेंटरी परीक्षेंत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिति व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमीजिएटमध्यें वस्तुचित्राच्या जागीं स्थिरचित्र येतें आणि भूमितींत घनाकृतींची भर पडते. एलिमेंटरी उतरल्यावांचून इंटरमीजिएटला बसतां येत नाहीं. या परीक्षांची मी निंदा करणार नाहीं. 1974 सालीं इंटरमीजिएटच्या दिवशीं जाड, पांढरा, खरखरीत कागद मीं जन्मांत पहिल्यांदा हातांत घेतला. तोंवर माझीं सारीं चित्रें जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर होतीं. समोर एक पितळी तांब्या, दोन वांगीं आणि एक घडी पडलेलें कापड. शहरांतल्या मुलापुढेंहि तेंच, माझ्यापुढेंहि तेंच. तपासणाऱ्याला माझें नांव ठाऊक नाहीं, बाप काय करतो तें ठाऊक नाहीं. एवढा न्याय मला त्या वयांत दुसऱ्या कोणत्याहि ठिकाणीं मिळाला नव्हता.

शिवाय या परीक्षेनें पाहावयास शिकविलें. तांब्याचें तोंड गोल असतें हें सर्वांना माहीत. परंतु डोळ्याला तें लंबगोल दिसतें, आणि नजर जसजशी खालीं येईल तसतसा तो लंबगोल चपटा होत जातो, हें प्रत्यक्ष काढल्यावांचून कळत नाहीं. ठाऊक असलेलें न काढतां दिसत असलेलें काढावयाचें, हा वस्तुचित्राचा पहिला धडा आहे. आणि मला तर तो चित्रकलेबाहेरहि पुष्कळ उपयोगी पडला. आजहि राज्याच्या कलामहाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेंत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हींच तीन नांवें आहेत. जोडीला सामान्यज्ञान आहे. म्हणजे आठवीं-नववींतल्या मुलानें घातलेला पाया पुढें बारावीनंतरहि कामास येतो.

मग उणें कोठें पडलें? उणें पडलें तें आम्हां शिकविणाऱ्यांत. जी परीक्षा पाहावयास शिकविण्यासाठीं होती, तिच्यासाठीं आम्ही न पाहतां काढण्याची युक्ति शिकवूं लागलों. स्मरणचित्राचेंच उदाहरण घ्या. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेल्या प्रसंगाची मनांत उरलेली आकृति. मीं मुलांकडून काय करून घेतलें? समुद्रकिनाऱ्याचें दृश्य! डावीकडे माड, उजवीकडे होडी, मध्यें वाळूंत खेळणारीं तीन मुलें. माझ्या वर्गांतील एकाहि मुलानें समुद्र पाहिला नव्हता. माडाचें झाड मींहि फारसें पाहिलें नव्हतें. पुस्तकांतील माड मीं फळ्यावर काढला आणि चाळीस मुलांनीं चाळीस माड उतरवून घेतले. खिडकीबाहेर पळस फुलला होता. त्याकडे पाठ करून आम्ही सारे बसलों होतों.

अलीकडे दहावीच्या परीक्षेंत इंटरमीजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळूं लागले: अ श्रेणीला 7, ब श्रेणीला 5, क श्रेणीला 3. त्यामुळें मुलांची संख्या वाढली हें चांगलें झालें. परंतु पालकांची दृष्टि सातांवर खिळली आणि चित्र मागें राहिलें. आणखी एक गोष्ट अशी कीं, परीक्षेचा कागद मुलाला परत मिळत नाहीं. मुलाच्या हातीं येतें तें प्रमाणपत्र. त्यानें त्या दिवशीं काय पाहिलें, कोठें हात अडखळला, कोठें साधलें, तें सर्व कागदाबरोबर निघून जातें.

आतां माझ्या चुकीविषयीं सांगतों. आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलींत दोन लांकडी कपाटें होतीं. त्यांत वर्षानुवर्षांचें मुलांचें काम साठलें होतें: वर्गांतील सरावाचीं चित्रें, सुटींत काढलेलीं चित्रें, अर्धवट सोडलेलीं चित्रें. 2004 सालच्या उन्हाळ्यांत एका कपाटाला वाळवी लागली. कपाट झाडतांना मला त्या ढिगाऱ्याचा कंटाळा आला. कोणाचेंहि सांगणें नव्हतें, कोणाची सक्ति नव्हती. मीं स्वतः दोन्ही कपाटें रिकामीं केलीं, वाळवीचें आणि चांगलें असें वेगळें सुद्धां न करतां सारें काम रद्दीवाल्याच्या तराजूंत घातलें, आणि आलेल्या पैशांतून शाळेसाठीं रंगाच्या बाटल्या आणल्या. त्या वेळीं मला आपण शहाणपणा केला असेंच वाटलें होतें.

दोन वर्षांनीं, बारावीच्या निकालानंतर, एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन माझ्या घरीं आली. पुसदकडील एका तांड्यावरची ती मुलगी. नववींत असतांना तिला इंटरमीजिएटची अ श्रेणी मिळाली होती. प्रमाणपत्र तिनें प्लास्टिकमध्यें घालून जपून आणलें होतें. तिनें एका मोठ्या संस्थेकडे अर्ज केला होता आणि मुलाखतीस येतांना स्वतःचें काम घेऊन यावें असें पत्र तिला आलें होतें. ती म्हणाली, "सर, माझी आजीच्या हातांची चित्रं तुमच्या कपाटात होती ना?" मला तीं चित्रें स्पष्ट आठवलीं. तिची आजी कापडावर आरसे आणि कवड्या टांकीत असे. त्या हातांचीं आठ-दहा चित्रें त्या मुलीनें दोन वर्षांत काढलीं होतीं. प्रत्येकांत बोटें निराळ्या रीतीनें वळलेलीं, आणि पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत हात कसा सुधारत गेला तें उघड दिसे. कोणत्याहि परीक्षेंत तो विषय येणार नव्हता. तो तिनें स्वतः शोधला होता.

मीं खरें काय तें सांगितलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिचे वडील मात्र दारापर्यंत गेल्यावर मागें वळून म्हणाले, "मास्तर, एखादं तरी सापडन का हो?" 

आजी त्या वर्षाच्या आरंभींच वारली होती. मुलीनें पंधरा दिवसांत आठवणीनें कांहीं चित्रें काढलीं, माझ्याकडून कागद नेला, आणि ती मुलाखतीस गेली. तिला प्रवेश मिळाला नाहीं. मुलाखत घेणाऱ्यांचा दोष मी मानीत नाहीं. त्यांच्यापुढें जें आलें तेंच त्यांनीं पाहिलें. पुढें ती शिक्षिका झाली, परंतु चित्रकलेची नव्हे. अजिंठ्याच्या प्रतिकृति आगींत गेल्या ही इतिहासांतली मोठी हानि आहे. माझ्या कपाटांत आगहि लागली नव्हती.

या घटनेनंतर दुसऱ्या देशांत काय करतात तें मी वाचूं लागलों. व्हिएन्ना शहरांत फ्रान्झ चिझेक यांनीं 1897 सालीं मुलांसाठीं चित्रकलेचा वर्ग काढला होता आणि मुलांनीं मोठ्यांची नक्कल करूं नये, स्वतःचें काढावें, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे शांतिनिकेतनांत 1919 सालीं कलाभवन निघालें. तेथें नंदलाल बोस लहानशा कार्डांवर रोज कांहीं ना कांहीं रेखाटीत आणि तीं कार्डें मित्रांना, शिष्यांना पाठवीत. झाड, बकरी, पाणी भरणारी बाई, जें दिसेल तें. अमेरिकेंत हायस्कुलांतील मुलांना कॉलेजच्या तोडीचे विषय घेतां यावेत म्हणून अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट नांवाची व्यवस्था आहे. तींत 1972 पासून चित्रकलेचा समावेश आहे. या विषयाला परीक्षेचा हॉल नाहीं. मुलानें वर्षभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करावा आणि त्याचीं पंधरा छायाचित्रें पाठवावीं. त्यांत कच्चें काम आणि फसलेले प्रयत्नहि चालतात. त्याखेरीज आपलें सर्वांत चांगलें असें पांच कृतींचें काम पाठवावें, आणि आपण काय शोधीत होतों तें थोडक्यांत लिहावें. हें वाचलें त्या रात्रीं मला आजीच्या हातांचीं चित्रें फार वेळ दिसत राहिलीं. तिनें आपल्या बुद्धीनें नेमकें हेंच केलें होतें.

यास साधनें फार लागतात असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. 2006 पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे अकरा वर्षें, मीं प्रत्येक मुलाची एक फाइल ठेवविली. जुन्या खोक्यांचे दोन पुठ्ठे, त्यांना शिवलेली कापडाची पट्टी आणि बांधावयास नाडी. नियम चारच. पहिला, प्रत्येक चित्रामागें तारीख आणि ठिकाण लिहावें. दुसरा, फसलेलें चित्र फाडूं नये. सुधारणा त्यावांचून दिसत नाहीं. तिसरा, महिन्यांतून निदान चार चित्रें शाळेबाहेर, समोर पाहून काढावीं. चौथा, सत्राच्या शेवटीं मुलानें स्वतः निवड करावी आणि ही कां निवडली तें दोन ओळींत सांगावें. पेन्सिलीचें आणि कोळशाचें काम घासून पुसट होतें, म्हणून मध्यें बटर पेपर घालावा; चित्राची गुंडाळी करूं नये; फाइल भिंतीला न टेकवितां उंचावर ठेवावी आणि पावसाळ्यानंतर एकदां उन्हांत नव्हे, सावलींत वाऱ्यावर पसरावी. आतां तर घरोघरीं मोबाइल आहे. दिवसाच्या उजेडांत, कागदाच्या बरोबर समोरून छायाचित्र घेऊन ठेवलें तर वाळवीचें भय उरत नाहीं.

विषयांचा तर आपल्या जिल्ह्यांत दुष्काळ नाहीं. तान्ह्या पोळ्याचा लांकडी बैल प्रत्येक घरीं आहे. आठवडी बाजारांत तराजू धरून बसलेली बाई घटकाभर हालत नाहीं; तिच्याहून चांगलें मॉडेल शहरांतल्या कलाशाळेलाहि मिळत नसेल. कापूस वेंचणाऱ्या बायांची वांकलेली पाठ, कोलामांच्या पोडावरील सारवलेल्या भिंती, एस. टी. च्या थांब्यावर पेंगणारा म्हातारा, हें सर्व आपलेंच आहे. माझ्या वर्गांतील एका मुलानें वर्षभर आपल्या घरच्या एकाच बैलाचीं चित्रें काढलीं: बसलेला, उठतांना, पाणी पितांना, आणि एकदां विक्रीच्या दिवशीं दाव्याला बांधलेला. शेवटच्या चित्रांत बैल लहान आणि दावें मोठें आलें होतें. प्रमाण चुकलें म्हणून परीक्षेंत गुण गेले असते. मीं तें चित्र फायलींत सर्वांत वर ठेवावयास सांगितलें.

श्रोतेहो, परीक्षा बंद करा असें माझें म्हणणें नाहीं. ज्या परीक्षेनें मला पहिला चांगला कागद दिला तिच्याविषयीं मी कृतघ्न होणार नाहीं. परंतु परीक्षा दोन दिवसांची असते आणि मूल वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस पाहत असतें. त्या दोन दिवसांचा कागद सरकारचा. उरलेल्या दिवसांचा कागद मुलाचा आहे, आणि तो सांभाळण्याचें काम त्याच्या शिक्षकाचें आणि आईबापांचें आहे. आपल्या घरांतील मूल वहीच्या मागच्या पानावर कांहीं काढीत असेल तर रागावूं नका; त्याखालीं तारीख घाला आणि तें पान जपून ठेवा. उद्यां कोणी तें मागावयास येईल तेव्हां आपणांवर मान खालीं घालण्याची वेळ येऊं नये, एवढेंच मला माझ्या अनुभवानें सांगावयाचें आहे.